टाकीमागचं कणीस

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी यंदा आमच्या गच्चीवर, कुंड्यांमध्ये, लाह्यांचा देशी मका लावला होता. लाल दाण्याचा, जुन्या वाणाचा. बी कुठल्या डोंगरातून मिळवलं, हे सोसायटीत प्रत्येकाने दोनदा तरी ऐकलं. कणसं धरल्यावर रोज फोटो येऊ लागले. आणि चैत्रातल्या एका रविवारी, पानं अजून हिरवीगार असताना, पाहुणे येणार म्हणून साहेबांनी ती खुडलीसुद्धा.

"साहेब, लाह्यांचा मका ताटावरच, उभ्या झाडावरच वाळू द्यायचा असतो," जिना झाडणाऱ्या शांताबाई म्हणाल्या. साहेब नुसते हसले.

पाहुण्यांसमोर कढईत दाणे करपले, एकही फुटला नाही. मग काय, बियाणंच बोगस निघालं!

अशा माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. यांना जुनं बी हवं, आजीच्या हातची चव हवी, पण त्या जुन्याला लागणारा वेळ तेवढा नको. दाण्याला कडक व्हायला उसंत द्यायची नाही, आणि तो फुलला नाही की त्यालाच नावं ठेवायची.

नागपंचमीला शांताबाईंनी माझ्या हातावर मूठभर लाह्या ठेवल्या. पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या. पाण्याच्या टाकीमागच्या कुंडीतलं एक कणीस खुडायचं राहून गेलं होतं. वैशाखाच्या उन्हात ते ताटावरच खडखडीत वाळलं. साहेबांचं तिकडे लक्ष गेलं नाही, हेच त्याचं नशीब.