एका मेहुण्याचे तीन पत्ते

माझ्या सासऱ्यांनी (मी त्यांना मामा म्हणतो, त्यांची मुलं आबा) एसटीत कंडक्टर म्हणून हयात काढली. ते एक गोष्ट नेहमी सांगतात : "बिनतिकिटाचा माणूस मी चढताना कधी धरला न्हाय. बसू द्यायचं, खिडकीला डोकं टेकून डुलकी काढू द्यायची. उतरताना धरायचं." ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली आणि पन्नासदा जावयाला शोभेल इतपत हसलो.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात कारकून. टाइप दोनच बोटांनी करतो, पण आवाज दहा बोटांचा येतो. त्यामुळं जळकोटला, सासुरवाडीत, 'जावई कॉम्प्युटरमधले' असा माझा लौकिक. एका रिकाम्या दुपारी मी ईमेलमधले कॉन्टॅक्ट आवरायला काढले. बायको म्हणाली, "अहो, आधी माळा आवरा." पण माळा आवरताना घाम येतो, कॉन्टॅक्ट आवरताना येत नाही.

आत बघतो तर जत्रा. आमच्याकडं पासवर्ड विसरला की लोक नवा पासवर्ड करत बसत नाहीत, सरळ नवा ईमेल काढतात. एका चुलत्याचे सहा पत्ते निघाले, त्यातला जिवंत कुठला हे चुलत्यालाही सांगता येईना. पुण्याच्या मेहुण्याचे तीन निघाले. प्रोग्रामनं अदबीनं विचारलं, एकाच नावाची ही तीन माणसं दिसतात, एकत्र करू का? म्हटलं, कर बाबा, पुण्य लागेल. एका टिचकीत तीन मेहुण्यांचा एक मेहुणा झाला. त्याच्या नावाखाली तीन पत्ते, त्यातला सगळ्यात वरचा मुख्य. म्हणजे नुसतं नाव टाकलं की मेल तिकडं जाणार. तो वरचा पत्ता काय आहे, हे वाचायचं असतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

अधिक महिना तोंडावर आला होता. तीन वर्षांनी एकदा येतो, म्हणून आम्ही जावई लोक त्याच्याकडं डोळे लावून असतो. सासुरवाडीला पाटावर बसवतात, पाय धुतात, धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले गोळे तुपात बुडवून खाऊ घालतात, आणि वर काहीतरी वाण देतात. मागच्या धोंड्याचं वाण माझ्या मनात ठुसठुसत होतं. मी मेहुण्याला लिहिलं :

"यंदा मामांना गोडीत सुचव. मागच्या वेळची चांदीची समई आता पितळेची झालीय, दिवाळीपर्यंत लोखंडाची होईल. सफारीचं कापड इतकं जाड होतं की शिंप्याची सुई मोडली अन् त्यानं हात जोडले. शेवटी गावाकडं कापून रचलेल्या सोयाबीनच्या गंजीवर टाकलं, तर त्यातनं गळून निम्मी गंज काळी पडली. म्हणजे धड कापड न्हाय, धड ताडपत्री न्हाय. म्हातारा बाजारात अर्धी काकडी चाखून कडू म्हणून परत ठेवतो, हे मला ठाऊक आहे. पण जावयाला एक घड्याळ द्यायला काय हरकत?"

विषयाच्या रकान्यात लिहिलं : 'म्हाताऱ्याचा चिकटपणा'. विषय रिकामा ठेवू नये, असं मी कॉलेजात सगळ्यांना शिकवतो.

आठवड्यानं मेहुण्याला फोन करून विचारलं, काय झालं?

"कशाचं काय? मला मेल न्हाय आला, दाजी."

पाठवलेले मेल उघडून मी त्याला पत्ता वाचून दाखवला. मधेच 'जळकोट' असा शब्द होता. तो तिकडनं ओरडला, "दाजी! त्यो माझा न्हाय, आबांचा पत्ता हाय! मीच काढून दिला होता, नावाच्या रकान्यात चुकून माझं नाव पडलं. तुमाला त्यावरनं एकदा लग्नपत्रिका पाठवली होती बघा!"

माझ्या पोटात धोंडा पडला, तोही बिनपुरणाचा.

"घाबरू नका," तो म्हणाला, "आबा कुठं मेल बघतात? काढल्यापासून उघडलाच नसंल."

मी देवापुढं उदबत्ती लावली. ती विझायच्या आत सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, धोंड्याला येताच हाय, तर आमचं ते ईमेलचं तेवढं बघून द्या. लई काय काय येऊन पडलंय म्हणं."

आता सगळी मदार एका गोष्टीवर होती. त्यांच्या नजरेला पडायच्या आत तो मेल उडवायचा. नाहीतर तो पाट, ते पाय धुणं, 'जावई कॉम्प्युटरमधले' ही कीर्ती, सगळं एका विषयाच्या रकान्यात बुडणार होतं.

ठरल्या दिवशी मोटरसायकलवर बायकोला घेऊन जळकोटला गेलो. पाय धुतले गेले. सात धोंडे खाल्ले. भीतीनं खाल्ले, पण खाल्ले. हात पुसतोय तोवर मामांनी मेहुण्याचा टाकून दिलेला लॅपटॉप आणला. पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीमागं, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलेला. आणि स्वतः माझ्या खांद्याला खांदा लावून बसले.

"मामा, चष्मा आणता का?"

"डोळ्यावरच हाय."

"पाणी मिळंल का जरा?"

"अगं, जावईबापूंना पाणी आण गं!" हलले नाहीत.

"बाहेर कुणी हाक मारतंय का?"

"कुत्रं हाय ते."

मेल उघडला. बँका, विमेवाले, कसलीकसली बक्षिसं, सगळं ठळक काळ्या अक्षरांत; आणि मधोमध माझा 'म्हाताऱ्याचा चिकटपणा' तेवढा बारीक अक्षरांत. मला वाटलं, देवच पावला, नजरेत भरू नये म्हणून त्यानंच बारीक केला.

"मामा, ह्या पडद्याची किरणं डोळ्याला लई वाईट. दोन मिनिटं डोळे मिटून बसा."

"व्हय का?" म्हणत त्यांनी लहान लेकरासारखे डोळे मिटले. मी मेल उडवला. सातही धोंडे एकदम पचले. मग निवांतपणे त्यांना विमेवाल्यांचे मेल कसे ओळखायचे यावर अर्धा तास शिकवलं. ते मान डोलवत होते. सासूबाई दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावत होत्या. मला वाटलं, जावयाचं कौतुक वाटतंय.

निघायची वेळ झाली. मी मोटरसायकल चालू केली, बायको मागं बसली. तेवढ्यात मामा आतून एक जाडजूड पिवळा गठ्ठा घेऊन आले आणि माझ्या पुढ्यात टाकीवर ठेवला.

"काय हे, मामा?"

"वाण. ताडपत्री हाय, चांगल्यातली. गंजीवर टाका. ह्यातनं गळत न्हाय."

बायको मागनं म्हणाली, "अहो, कसली गंज?"

"फोनवर टिंग वाजतंय ना," मामा शांतपणे म्हणाले, "मग वाचावंच लागतंय. उघडलेला मेल बारीक अक्षरात दिसतोय, हे तुमाला ठाऊक न्हाय व्हय? कॉम्प्युटरमधले ना तुमी?"

"मामा, ते... चुकून..."

"अन् उडवलेला मेल कचऱ्याच्या डब्यात महिनाभर राहतोय. ऱ्हाऊ द्या तिथंच. तुमच्या मामीला अजून एकदा ऐकायचाय."

सासूबाईंनी पदर सोडून दिला. "काकडीचं मातर खरं लिवलंय, जावईबापू!"

"आणि घड्याळ?" हे मी का विचारलं, ते मला आजही कळलेलं नाही.

"पुढच्या धोंड्याला बघू. तीन वर्सं हायती. तवर जरा चांगलं लिवत चला," मामा म्हणाले, आणि मोटरसायकलच्या मडगार्डवर बोटानं टक टक असं दोनदा वाजवलं. डबल बेल. गाडी सोडा.