भरतीचं पाणी

सासूबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याच बेटावर, त्यांच्याच विहिरीवर पाण्याचा कॅन भरत होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... मला ते जमणार नाही. आमचं कधी पटलं नाही आणि त्या गेल्या म्हणून आता पटणार नाही.

मी बोईसरजवळच्या कुंभवलीची. लग्न होऊन पहिल्यांदा होडीतून उतरले ती गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हसल्या. सासूबाईंनी हात दिला नाही. म्हणाल्या, "चिखलाला पन कळते, कोन आपला नि कोन पल्याडचा." तेव्हापासून मी 'पल्याडची'. त्यांच्या तोंडून माझं नाव मी एकदाही ऐकलं नाही. बेटावर दवाखाना नाही, वारा सुटला की वीज गेलीच. पण तोरा असा, की देवानं आधी बेट केलं आणि उरलेल्या मातीचा आमचा मुलूख. बोईसरला आमच्याकडे यायच्या त्या विहिरीच्या पाण्याचा कॅन घेऊनच. "तुमच्या पान्याला कारखान्याचा वास हाय." मी लहानाची मोठी झाले ती त्याच पाण्यावर. एकदा न राहवून म्हटलं, "आई, तुमचा मुलगा त्याच कारखान्यात कमावतो." त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हनूनच तो असा दिसते."

शेवटच्या आजारात त्यांना बोईसरलाच ठेवावं लागलं. कॅन संपला आणि त्यांनी पाणी सोडलं. औषधाची गोळीसुद्धा कोरडी गिळायच्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. नवरा हळूच म्हणाला, "नळाचं भर, तिला काय कळतंय." मी नाही म्हटलं. मला त्यांना हरवायचं होतं, फसवायचं नव्हतं. मग तो सुट्टी टाकून बेटावर गेला, कॅन भरून आला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि वाटीत थुंकला. "भरतीचं हाय."

भरतीला त्या विहिरीत खार चढतो. पाणी काढायचं ते ओहोटीला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बेटावर वाढलेला माझा नवरा ते विसरला होता. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "तू पन पल्याडचा झालास." तो स्वयंपाकघरात येऊन रडला. मला असा संताप आला... मरायला टेकलेली बाई, आणि पोराला काय बोलते! दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून मीच निघाले. त्यांच्या तोंडून एकदा तरी "बरोबर हाय" ऐकायचं होतं. दोर ओढत असताना फोन वाजला.

संध्याकाळी त्यांना बेटावर आणलं. मी त्याच कॅनमधलं पाणी त्यांच्या तोंडात घातलं. ते ओठांच्या कडेनं गळून गेलं. भांडण अर्धवट टाकून गेल्या, याचा राग अजून आहे.

कॅन आता आमच्या ओट्याखाली असतो. परवा नवरा बेटावर गेला होता, येताना भरून घेऊन आला. मी एक घोट घेतला आणि सगळं पाणी मोरीत ओतलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"भरतीचं आहे," मी म्हटलं. "परत जा."