आबांचा आमोस

"आज कोनता गावनी पाळी शे व माय?" बायकांच्या चटईवर माझ्यामागे कुजबुज झाली.

"भडगाव व्हयनं, पाचोरा व्हयनं," दुसरी म्हणाली, "आते आपलीच शे."

पाळी म्हणजे शापाची. साऱ्या खानदेशात आबांइतक्या मनापासून देवाचा राग वाचून दाखवणारा माणूस दुसरा झाला नसेल. आबा धुळ्याच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे. जन्म जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात गेला, म्हणून बायबलातल्या सगळ्या संदेष्ट्यांत त्यांना आमोस जवळचा. तोही साधा मेंढपाळ, आणि खोट्या तागडीवर त्याचाही दात. आमोस आधी शेजारच्या राष्ट्रांना झोडतो, ऐकणारे खूश होतात, आणि मग तो त्यांच्याकडेच वळतो. आबांनी ती रीत जशीच्या तशी उचलली होती. रविवारचा पाठ वाचला की ते भुसावळची पापं काढत. तिथले रेल्वेवाले प्रार्थनेच्या वेळी पत्ते कुटतात. मग जळगाव, तिथे कापसावर पाणी मारतात. आम्ही समाधानानं माना डोलवायचो. तेवढ्यात चष्मा कपाळावर चढवून आबा म्हणत, "आता धुळे!" मग पाळकसाहेबांची दुपारची झोपही त्यांच्या तडाख्यातून सुटत नसे. मी मिशनच्या शाळेत शिकत होते; एकदा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या पोरीला देवाशी बोलायलाही इंग्रजी लागतं." सगळे हसले. मी पुढे कित्येक महिने सभेत ओठ हलवले नाहीत.

त्यांना आवरणारी एकच, त्यांची लेक सारा. आईवेगळी, बापाहून मोठ्या आवाजाची. भर सभेत म्हणायची, "आबा, देवाला दम खाऊ द्या. चुलीवर डाळ आहे."

मग तापाची साथ आली. चटईवर ऐसपैस बसता येऊ लागलं, आणि ते कुणालाच नको होतं. घरोघर पेज पोचवता पोचवता सारानं अंथरूण धरलं. पाळकसाहेब प्रार्थनेला गेले, तर आबांनी त्यांना दारातच थांबवलं. "लोकांच्या घरी शिक्षा उतरली तेव्हा मी ती खरी म्हटली. माझ्या घरी आली म्हणून आता माफी मागू?"

मी तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवायला जात असे. एका दुपारी आबा पुस्तक मांडीवर घेऊन नुसते बसले होते. सारा म्हणाली, "आबा, आमोसाचं शेवटचं वाचा ना. पडलेली झोपडी देव पुन्हा उभी करतो, ते."

"ते आपल्यासाठी नाही, बाळ," आबा म्हणाले. "ते शिक्षेतून उरलेल्यांसाठी."

सारा दुसऱ्या दिवशी गेली. हे आधीच सांगते, नाहीतर माझ्या बोलण्यानं काही पालटलं असं वाटेल. शाळेत बायबलच्या तासाला आम्हाला देवाचा न्याय एका रकान्यात आणि आशा दुसऱ्या रकान्यात लिहायला शिकवलं होतं. इथे दोन्ही एकाच म्हाताऱ्याच्या मांडीवर होती, आणि त्याच्या हातून पान उलटत नव्हतं. शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं होती. सारा आबांकडे बघत होती, आबा पुस्तकाकडे. मला स्वतःला त्या झोपडीवर विश्वास होता का, कोण जाणे. पण मी म्हणाले, "आबा, उरलेले आपणच आहोत. वाचा."