मावशीने न उचललेला फोन

पोह्याचे पापड भाजल्याचा वास आला की पेणच्या मावशीचं अंगण आठवतं. एका उन्हाळ्यात मी रोह्याला मैत्रिणीकडे गेले आणि महिनाभर हिंडतच राहिले. कधी पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात, कधी उगाच निडीच्या स्टेशनावर. दर रविवारी ब्लॉग लिहायचा माझा नेम पार मोडला. तो न चुकता वाचणारी एकटी मावशी, आणि तीच माझा फोन उचलेना. रुसली असणार, असं धरून मी परतताना पेणला उतरले. अंगणात आळीतल्या बायका पापड लाटत बसल्या होत्या; आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असा त्यांचा मे महिना चालतो. "मावशी, ब्लॉग लिहायचा राहिलाच गं," मी चाचरत म्हटलं. तिचं लाटणं थांबलं. "म्हंजे तू लिवलंच नायस? बरं झालं गो. माझे हात सदा पिठात, वाचायला सवड नाय. कसं वाटलं म्हणून विचारशील, या भीतीनं तुझा फोन उचलत नव्हते." मग तिने एक पोळपाट माझ्यापुढे सरकवला. आता मे महिन्यात मी काही लिहीत नाही, आणि मावशी पिठाच्या हातानेही माझा फोन उचलते.