तिला चढू द्या

बाळांनो, कुरुंद्याहून वसमतला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मला एक बाई नेहमी भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. कडेवर चार वर्षांची लेक, पाय जन्मापासून ताठ. अशा लहानग्यांना वसमतच्या दवाखान्यात व्यायाम शिकवतात, तिथे ती निघालेली असायची.

आपल्याकडे अशी माय दिसली की लेकरू वर घ्यायला चार हात पुढे येतात. ही मात्र लेकीला दाराशी उतरवायची, दांडा तिच्या मुठीत द्यायची आणि म्हणायची, "हात लावू नका. चढू द्या तिला." पाय काही उचलायचा नाही. मग तीच लेकीला कडेवर घेऊन वर यायची.

एकदा एक म्हातारी चिडली. "काहून छळून राहिली गं लेकराला? एवढंसं तर वजन हाय."

"आज एवढंसं हाय, आत्या. मोठी झाल्यावर कोण उचलंल?"

दिवाळीनंतरच्या एका सकाळी लेकीचा एक पाय पायरीवर आला. कंडक्टरचा हात सवयीने पुढे झाला, पण त्याने तो तसाच मागे घेतला. घंटी वाजली नाही. ड्रायव्हरही मागे वळून पाहत होता. दुसरा पाय आला. पुढची पायरी, मग तिसरी. घामाघूम पोरगी गाडीत उभी राहिली.

माय खालीच, पदर तोंडाशी धरून.

"ताई, आता तुमालाबी चढवावं लागतं का?" कंडक्टर म्हणाला.

पोरीने दांडा न सोडता त्याच्याकडे पाहिलं. "हात लावू नका," ती म्हणाली. "माय चढंल."