साहेबांनी पुसलेलं उणे

शेती संशोधन केंद्रात तिला सगळे सुईबाई म्हणत. मातीत ठोकलेल्या पत्र्याच्या कड्यावर डबा उपडा घालायचा, दर दहा मिनिटांनी त्याच्या रबरी बुचातून सुईने हवा ओढायची, ती काचेच्या कुपीत भरायची आणि कुपीवर नंबर टाकायचा. बावीस वर्षं ती हेच करत होती. नवरा शिंपी. संध्याकाळी मशीनवरून मान वर करून तो विचारी, "काय, आज किती हवा आणलीस?" आणि स्वतःच हसे. बावीस वर्षं तोच विनोद. चिकाटी म्हणावी तर अशी.

कुंपणालगतच्या पट्ट्यात कधी नांगर फिरला नव्हता, खत पडलं नव्हतं. आता निवृत्त झालेल्या सरांनी तिला सुरुवातीलाच समजावलं होतं, "या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. हवेतला मिथेन खाऊन जगतात. हवा तापवणारा वायू तो, आणि हे फुकटात गिळतात. म्हणून डब्यातला मिथेन घटतो, आकड्याआधी उणे येतं." तिला लगेच पटलं. दुसऱ्यांनी टाकलेलं मुकाट्याने संपवणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच. तिच्या घरात ती होती.

मग नवे साहेब आले. ते पंपांच्या खात्यातले. मातीशी त्यांचा संबंध बुटांपुरता.

"बाई, हे उणे काय आहे?"

"माती मिथेन खाते, साहेब."

"वायू निघतो किंवा निघत नाही. उणे निघतो म्हणजे काय? डबा गळतोय तुमचा."

"गळला असता तर आतली हवा बाहेरच्यासारखीच राहिली असती ना?"

प्रश्न बरोबर होता, हीच तिची चूक. निष्काळजीपणाबद्दल तिला लेखी समज मिळाली, आणि अहवालातली उण्याची सगळी चिन्हं काढून टाकण्याचा हुकूम सुटला. तिने हुकूम पाळला. स्वतःच्या वहीला मात्र हात लावला नाही.

उणे गेलं, उणे सातचं नुसतं सात उरलं आणि केंद्रातला सगळ्यांत निष्पाप तुकडा एका दुपारीत आरोपी झाला. सर्वांत जास्त मिथेन म्हणे तिथूनच निघत होता! सात जणांची समिती बसली. पट्ट्यावर कुणीच गेलं नाही, वाटेत चिखल होता. ठरलं असं, की जमीन नांगरावी आणि सढळ हाताने युरिया घालावा.

सुईबाईला राहवलं नाही. "साहेब, नांगराने त्या जीवांची घरं मोडतील. आणि युरियातून अमोनिया सुटला की मिथेन पचवायची त्यांची यंत्रणा त्यातच अडकून पडते."

"बाई, समितीत जीवांचा प्रतिनिधी नाही," साहेब म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

पट्टा नांगरला गेला. त्या हंगामात वहीतला आकडा उणे सातवरून उणे एकवर आला. जीव खायचे थांबले होते. अहवालात मात्र साताचा एक झाला होता, म्हणजे साहेबांनी मिथेन एका झटक्यात आटोक्यात आणला! केंद्राला बक्षिसाची ढाल जाहीर झाली, कार्यालयात बिस्किटं वाटली गेली. सुईबाईने आपलं बिस्किट तसंच घरी नेलं.

"मग बक्षीस कशाचं?" नवऱ्याने विचारलं.

"मारल्याचं," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तो हसला नाही.

ढाल द्यायला मुख्य कार्यालयातून एक वयस्क अधिकारी बाई आल्या. भाषणं सुरू होण्याआधी त्यांनी भलताच हट्ट धरला. त्यांना शेत बघायचं होतं. चिखल तुडवत त्या पट्ट्यावर पोचल्या.

"मोजमाप कोण करतं?"

सुईबाईने वही पुढे केली.

"या आकड्यांआधी रेघा कसल्या?"

"उणे आहे, बाई. साहेबांनी अहवालातून काढायला लावलं."

"टंकलेखनातली चूक असेल," साहेब घाईघाईने म्हणाले.

"एकशे चाळीस वेळा?" बाईंनी पानं उलटत विचारलं.

चौकशी रीतसर झाली. सुईबाईला दिलेली लेखी समज मागे घेतली गेली. साहेब बढतीवर पंपांच्या खात्यात परतले. ढाल कपाटातच राहिली, कारण ढाल परत घेण्याचा नियमच नव्हता. पट्टा पुन्हा मोकळा सोडला गेला. अधिकारी बाईंनी विचारलं, पूर्ववत व्हायला किती दिवस? "दिवस नाही हो," ती म्हणाली, "दहा-वीस वर्षं. जास्तही." तिच्या नोकरीची चार उरली होती.

पहिल्या वर्षी आकडा हलला नाही. दुसऱ्या वर्षी जेमतेम सरकला. तेव्हा तिने लेखी मागणी केली, की पट्ट्यावर 'नांगरू नये' अशी पाटी लावावी. मागणी मंजूर झाली, तीही सहा महिन्यांत. पाटी रोवायला माणसं आली ती खड्डे खणायचं यंत्र घेऊनच, आणि ते त्यांनी थेट पट्ट्याच्या मधोमध उभं केलं. सुईबाई हातातल्या डब्यासकट यंत्रापुढे आडवी उभी राहिली. बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी पाटी कुंपणाला तारेने बांधली गेली, थोडी तिरकी.