त्यांनी मला आंधळी ठरवलं

“म्हातारीला दिसत नाय, साहेब.”

शाळेच्या खोलीत, मतदानाच्या टेबलापुढं, मालकांच्या पुतण्यानं माझा हात धरून सांगितलं. लोकसभेची निवडणूक होती. आंधळ्या माणसाचं मत सोबतच्यानं दिलेलं चालतं. म्हणून मालकांच्या शेतात राबणाऱ्या आम्ही सगळ्या म्हाताऱ्या त्या दिवशी आंधळ्या.

आदल्या दिवशी मी त्यांचाच कांदा निवडत होते. एक नासका सुटला तर मालकीण ओरडायची, “डोळे फुटले का गं?”

साहेबांनी विचारलं, “आजी, खरंच दिसत नाही?”

मी मागं पाहिलं. दारात माझा मुलगा होता. मालकांचा ट्रॅक्टर तोच चालवायचा. तो म्हणाला, “नाय दिसत. आई हाय माझी.”

पुतण्यानं शिक्का मारला. कशावर, मला दाखवलंही नाही. शाई मात्र माझ्या बोटाला.

बाहेर कुणीतरी ओरडलं, “आज्जे, पायरी हाय, जपून बरं!” सगळे हसले. मुलगाही हसला. मी चौथी शिकलेली. त्याला पहिलं अक्षर मी शिकवलं होतं.

दोन वर्षांत पुन्हा लोकसभा लागली. मुलगा म्हणाला, “आई, गप जायाचं, गप यायचं. माझ्या पोटावर पाय देऊ नको.” त्याची भीती खोटी नव्हती. मला कळत होतं.

टेबलापाशी पुतण्यानं पुन्हा हात धरला. मी झटकला.

“साहेब, मला दिसतं. ह्यो सोबत नको.”

“म्हातारी चळली, राव!”

“तुझं वरचं बटन तुटलंय. तेबी दिसतं.”

साहेबांनी कागद माझ्या हातात दिला. शिक्का मी मारला. कुणाला, ते सांगणार नाही.

संध्याकाळी मालकांनी मुलाकडून ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. तो बायको-पोरं घेऊन वारूळवाडीला गेला. जाताना पाया पडला नाही. पुढं नारायणगावच्या बाजारात नातू दिसला. मी हाक मारली. सुनेनं त्याला ओढत नेलं. मी तिथंच, भाजीच्या पाट्यांमध्ये खाली बसले.

निवडून मालकांचाच माणूस आला. बाया विचारतात, “काय मिळवलं गं?” काही नाही. मुलगा गेला. रोज रडते.

पण माफी मागायला जाणार नाही. दर निवडणुकीला जाईन, एकटी. मुलगा कधी आला तर भाकरी वाढीन. माझ्या मतावर बोलला तर भरल्या ताटावरून उठवीन.